वाचता न येणारा काठ

दुपारी एकला मत्राहचा बाजार शटर ओढतो.
त्याच्या दहा मिनिटं आधी झुवैना आली,
मागे तिच्या घरी राबणारी वारसिनी,
आणि उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं एक कापड,
लोबानाच्या वासाचं, कसर लागलेलं.

"काठ उसवलाय. जमेल?"

मी शिलाईचा माणूस नव्हे, गजानं कापड मोजतो.
पण आडनाव भावसार.
कापड उलटं केल्याशिवाय हात राहत नाही.

पाठ पोटासारखीच. रंग दोन्हीकडून तेवढाच.
म्हणजे ठसा नव्हे.
म्हणजे मेण, आणि तेही दोनदा, दोन्ही बाजूंनी,
कुणीतरी मांडी घालून, श्वास धरून.

आजोबांनी आणलं, झुवैना म्हणाली.
सूरहून खजूर भरून गलबत निघायचं.
कुठल्या बंदरातून आणलं ते त्यांना कधी नीट सांगता आलं नाही,
वादळांच्या तारखा मात्र पाठ होत्या.

वारसिनीनं न विचारता बोट ठेवलं
मधल्या चौकटीवर. "हे आमचं. पेकालोंगनचं."
आणि हवेतच तांब्याची चोचदार झारी धरून दाखवली,
चोचीवर फुंकर मारली आधी,
तिची आई मारायची तशी.

मी म्हणालो, ही तर पाटणची छाबडी भात.
तिकडं विणण्याआधी धाग्याला गाठी मारतात,
रंग गाठीच्या कडेला जरासा डगमगतो.
इथं तीच डगमग
ठिपका ठिपका मेण टाकून उतरवलेली.
विणायचं नसताना विणल्याचं सोंग!
वारसिनी माझ्याकडे बघत राहिली,
कुणी आपल्या आईला दुसऱ्याच नावानं हाक मारावी तशी.
मग म्हणाली, "असेल. पण हे आमचंच."
असेल, मीही म्हणालो.

वरच्या कोपऱ्यात ढग होते, गुंडाळी गुंडाळी करत गेलेले.
ते चिन्यांकडून आले म्हणे.
बाहेर मत्राहचे डोंगर उघडेबोडके, तापलेले,
एकाही ढगाची ओळख नसलेले.

आणि काठ.
झुवैनानं चष्मा लावला.
उजवीकडून सुरुवात केली,
अलिफसारखं काही उभं होतं, नूनसारखं काही वाकलेलं,
ओठ हलले, थांबले, पुन्हा मागे गेले.
कापड फिरवलं. उजेडाला धरलं.
"काहीच लिहिलेलं नाही," ती म्हणाली,
आणि आवाजात आजोबांवरचा राग होता,
फसवून कुणी विकलं असणार त्यांना.

मलाही तेच वाटलं. नक्कल करणाऱ्याला अक्षर येत नव्हतं.

वारसिनी मान हलवत होती.
"येत होतं. म्हणून तर."
आमच्याकडे काठ घोट्यापर्यंत येतो,
धुताना दगडावर आपटतो, त्यावर पोरं बसतात.
खरं नाव लिहिलं तर ते नेसायचं कसं?
म्हणून वळण तेवढं ठेवायचं,
शब्द काढून घ्यायचा.

पुस्तकाला पाय लागला की
हात लावून तो कपाळाला न्यायचो लहानपणी,
ते आठवलं.
झुवैनानं चष्मा काढला नाही.
न लिहिलेल्यावरून बोट फिरवत राहिली
उजवीकडून डावीकडे,
आता हळू.

मेण जिथं तडकलं होतं तिथं
निळ्या बारीक शिरा पसरलेल्या.
वडील म्हणत, ही चूक नव्हे, ही रंगाची चालण्याची वाट.
दुकान मोडलं तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत निळे होते,
ते पाण्यानं कधी गेले नाहीत.

चार खोके उपसले, त्या निळीला जुळेल असा दोरा सापडला नाही.
"गुरुवारी या," म्हणालो,
चिठ्ठीवर नाव लिहिलं, टाचणीनं लावलं.

झुवैना वाकून बघत होती.
"हे काय?"
तुमचं नाव.
तिनं चिठ्ठी उजवीकडून बघितली, डावीकडून बघितली,
वारसिनीला दाखवली.
दोघी एकदम हसल्या.

"दोरीवर," वारसिनी म्हणाली,
"कपडे वाळत घातलेत."